प्रकल्प नोंदी: भरलेल्या दिवसात चालणं बसवताना

२ फेब्रुवारी

प्रोजेक्ट सुरू. काम काय ते आधी लिहून ठेवते म्हणजे मध्येच फाटे फुटणार नाहीत. नोकरी, घर, मुलीची शाळा आणि क्लास, आईचं औषधपाणी, हे सगळं आहे तस्संच राहणार, त्यातलं काहीही कमी करायचं नाही आणि तरी रोजचं चालणं पुरेसं व्हायला हवं. शिवाय त्यासाठी दिवसातून वेगळा तास मागायचा नाही. ही अट मी मुद्दाम घातलीये. माझ्यासारख्या बऱ्याच जणी वेळात वेळ काढून चालायचं ठरवतात आणि तो काढलेला वेळच सगळ्यात आधी जातो, कुणाचं अर्जंट काम आलं, कुणाला बरं नसलं, की चालणं उद्यावर. म्हणून जे दिवसात घडतंच, टळतच नाही, त्याला चालणं बांधून टाकायचं.

पहिले काही दिवस काहीही बदलायचं नाही. नुसतं मोजायचं.

५ फेब्रुवारी

आकड्यांवर विसंबायचं तर आधी मोजणारं यंत्र तपासायला हवं, म्हणून आज तेच केलं. ऑफिसच्या लांब कॉरिडॉरमध्ये मनातल्या मनात बरोबर १०० पावलं मोजत चालले, एकदा फोन खिशात, एकदा पर्समध्ये, एकदा हातात धरून स्क्रीन बघत, आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतंच. खिशातला फोन जवळजवळ बरोबर निघाला. पर्समधला थोडा कमी. मग संध्याकाळी सामानाची ट्रॉली ढकलत तेच केलं तर घड्याळाने निम्मी पावलंसुद्धा धरली नाहीत, कारण दोन्ही हात दांड्यावर टेकलेले, मनगट हलतच नाही, आणि घड्याळ तर हाताच्या हालचालीवरूनच पाऊल ओळखतं. बाबागाडी ढकलणाऱ्या आयांचं हेच होत असणार, दिवसभर पायपीट करून रात्री बघावं तर आकडा एवढुसा. अशा वेळी घड्याळ किंवा फोन खिशात टाकावा.

आणि बायकांच्या कपड्यांना धड खिसे का नसतात हा प्रश्न मला आता जास्तच छळायला लागलाय. घरात तर फोन टेबलावर पडलेला असतो, म्हणजे घरातलं चालणं फोनच्या दृष्टीने झालंच नाही. आठवडाभर घड्याळ उतरवायचं नाही असं ठरलं, फक्त ट्रॉली ढकलताना तेवढं खिशात.

१० फेब्रुवारी

आकडे आले. ऑफिसला जाते त्या दिवशी चार हजारांच्या आसपास, घरून काम असतं त्या दिवशी जेमतेम दोन हजार. घरून काम म्हणजे मोकळीक असं वाटत असतं पण शरीराच्या हिशोबाने तो सगळ्यात बसका दिवस आहे, कारण बस स्टॉपपर्यंत जाणं नाही, जिने नाहीत, जेवायला दुसऱ्या मजल्यावर जाणं नाही, खुर्चीतून उठून स्वयंपाकघर आणि परत खुर्ची. घरून काम करणाऱ्यांनी एकदा तरी हे मोजून बघावं असं मला फार वाटतं.

आता टार्गेट. सगळ्यांच्या डोक्यात १०,००० बसलेलं असतं. तो आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते आणि तिथून तो जगभर पसरला. खरं मोजमाप नंतर झालं. २०१९ मध्ये आय-मिन ली या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या साधारण १७,००० वयस्कर बायकांची पावलं मोजून त्यांचा माग ठेवला, तेव्हा दिसलं की दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. २०२५ मध्ये 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात २,००० च्या तुलनेत ७,००० पावलांना मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला. हे सगळं निरीक्षणावरून आहे हे लक्षात ठेवायचं. जे मुळात धडधाकट ते जास्त चालतात हेही त्यात मिसळलेलं असतं आणि ते वेगळं काढायचा अभ्यासकांनी प्रयत्न केलेला असला तरी पूर्ण निघत नाही. पण दिशा एकच दिसतेय, आणि सगळ्यात मोठा फायदा अगदी कमी चालणाऱ्यांनी थोडं वाढवलं की मिळतो, ही गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त धीर देणारी वाटली.

तर टार्गेट ७,०००. हिशोब असा, बऱ्यापैकी पाय उचलून चाललं तर मिनिटाला १०० पावलं पडतात, म्हणजे १० मिनिटांत १,०००. माझ्याकडे ऑफिसच्या दिवशी ४,००० आहेतच. कमी पडतात ३,०००. म्हणजे अर्धा तास! आणि तो अर्धा तास सलग पाहिजे असंही नाही. आधी म्हणायचे की एका वेळी निदान १० मिनिटं चाललं तरच ते धरायचं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती अट काढून टाकलीये, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय आणि तो कितीही छोट्या तुकड्यांत केला तरी चालतो.

नवऱ्याला हे दाखवलं तर तो म्हणाला, "एवढंच ना, मग रोज रात्री अर्धा तास जात जा की." तेच तर नको आहे मला. रात्रीचा अर्धा तास दुसऱ्याच आठवड्यात गळतो.

१२ फेब्रुवारी

आज कागदावर दिवस मांडला. डाव्या बाजूला रोज होणाऱ्या गोष्टी, उजव्या बाजूला तिथे चालणं बसतं का. सगळ्यात जास्त हाती लागलं ते वाट बघण्यात! मुलीचा क्लास सुटेपर्यंत आम्ही सगळे पालक बाहेर बाकावर बसून फोन बघतो, पाऊण तास, आठवड्यातून कितीतरी वेळा. डॉक्टरकडे नंबर यायचा असतो. कुकरच्या शिट्ट्या. मीटिंगला समोरचा माणूस जॉइन होईपर्यंतची पाच-सात मिनिटं. हा सगळा वेळ माझाच आहे, कुणाकडून मागून घ्यायचा नाहीये, आणि तो आत्ता बसून जातोय.

दुसरं, फोन कॉल. तिसरं, जेवणानंतरचा वेळ. या तीन जागा पक्क्या केल्या, बाकीचं नंतर बघू.

सकाळी अर्धा तास लवकर उठणं मी यादीतूनच काढलं. झोप कापून चालणं मिळवायचं हा सौदा मला पटत नाही, आधीच झोप पुरत नाही.

१७ फेब्रुवारी

कॉल्सवर चालणं सुरू आहे. सगळे कॉल चालत नाहीत हे दोन दिवसांत कळलं. ज्यात स्क्रीनवर आकडे बघायचेत, नोट्स घ्यायच्यात, ते बसूनच. पण ज्यात मी मुख्यतः ऐकते ते, रोजचा सकाळचा आढावा, बहिणीचा फोन, बँकेचा किंवा कुठल्या कस्टमर केअरचा होल्डवर ठेवलेला फोन, ते सगळे चालत. वायरवाला हेडफोन लावला की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि वेग जरा कमी ठेवायचा, नाहीतर आपण बोलायला लागलो की समोरचा विचारतो, दम का लागलाय.

घरून काम असतं त्या दिवशी बैठकीच्या खोलीपासून मागच्या गॅलरीपर्यंत येरझाऱ्या. खुर्च्या भिंतीला सारून वाट मोकळी केली म्हणजे सारखं वळावं लागत नाही. मुलगी म्हणते, "आई, तू वाघासारखी फिरतेस." फिरू दे, निम्मा खड्डा या येरझाऱ्यांनीच भरून निघतोय.

टीममधल्या एकाशी माझी आठवड्याला वन-ऑन-वन, म्हणजे दोघांचीच मीटिंग असते, त्याला म्हटलं, खोली कशाला अडवायची, खाली उतरून बोलूया का. तो आनंदाने तयार झाला. समोरासमोर बसून जे बोलायला अवघड जातं ते शेजारी शेजारी चालताना सहज बोललं जातं, आज त्याने कामाच्या ताणाबद्दल जे सांगितलं ते टेबलापलीकडून सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

२१ फेब्रुवारी

जेवणानंतरचं. याच्याबद्दल मी जास्त वाचलं कारण आईची साखर काठावर आहे. जेवलं की रक्तातली साखर साधारण तासाभरात चढते. त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू कामाला लावले तर ते साखर थेट ओढून घेतात, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनची वाटही बघावी लागत नाही. २०१३ मध्ये एक छोटासा प्रयोग झाला होता, साठीच्या पुढच्या १० जणांवर, साखर बिघडायचा धोका असलेले सगळे. तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालल्यावर दिवसभराची साखर सकाळच्या सलग ४५ मिनिटांच्या चालण्याइतकीच सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला तर हे छोटे तुकडेच जास्त उपयोगी पडले. दहाच माणसं आहेत, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधायचे नाहीत, पण माझ्यासारखीला यातून एक गोष्ट मिळाली, की तुकड्यांत चालणं म्हणजे नाइलाजाने केलेलं कमी दर्जाचं काहीतरी आहे असं नाही.

आजपासून रात्रीची शतपावली मी, आई आणि मुलगी तिघी मिळून. भांडी नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी भांडी घासायला घेतली की मग ओटा, मग उद्याचा डबा, आणि पाय मोकळे करायचे राहूनच जातात. हात धुतले की चपला, असंच.

(ज्यांना साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, चालल्याने साखर जास्त खाली जाऊ शकते.)

२६ फेब्रुवारी

आकडा ७,००० च्या जवळ यायला लागला पण मला एक शंका होती, की येरझाऱ्या आणि फोनवरचं रेंगाळत चालणं याला खरंच व्यायाम म्हणायचं का. म्हणून आज वेग मोजला. पद्धत सोपी आहे, घड्याळात १५ सेकंद लावायचे, पावलं मोजायची, चाराने गुणायचं. २५ आली तर मिनिटाला १००. कॅट्रीन ट्यूडर-लॉक यांनी पावलांच्या वेगावर बरंच काम केलंय, मोठ्या माणसांसाठी मिनिटाला १०० च्या आसपास म्हणजे मध्यम व्यायाम असं त्यातून निघतं. फोनवर माझी १८-१९ येत होती. क्लासबाहेर एकटी चालले तर २७-२८. घड्याळ नसेल तर बोलून बघायचं, बोलता येतं पण गाणं म्हणायला दम पुरत नाही तो वेग बरोबर.

त्यामुळे आता दोन प्रकार वेगळे धरलेत. फोनवरचं चालणं हे बसणं मोडायला. आणि क्लासबाहेरचं चालणं हे दम लागायला, तिथे फोन आत, पावलं छोटी पण भराभर. वेग वाढवायला लोक लांब ढांगा टाकतात, त्याने टाच जोरात आपटते, त्यापेक्षा हात कोपरात वाकवून जरा जोरात हलवले की पायही आपोआप भराभर पडतात. हे मला फार मजेशीर वाटलं, मुलीलाही करून दाखवलं.

क्लासबाहेर आता अजून दोघीजणी येतात माझ्याबरोबर. बाक तसाच रिकामा.

४ मार्च

आईचं वेगळं लिहायला हवं. ती सत्तरीच्या पुढे, उजवा गुडघा कुरकुरतो. ती मला म्हणाली, "तुझे ते सात हजार मला सांगू नकोस, मला नाही जमायचं." तिला मी २०१९ चा तो अभ्यास दाखवला, त्यातल्या बायकांचं सरासरी वय ७२ होतं, म्हणजे बरोबर तिच्याच वयाच्या. "आई, तू आत्ता तीन हजार चालतेस, चार-साडेचार कर, बास." यावर ती गप्प बसली म्हणजे पटलं.

तिच्यासाठी ठरवलं ते असं: एका वेळी सात-आठ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, सपाट जागी, उतार आणि जिना टाळून कारण गुडघा उतरतानाच जास्त धरतो. वेगाची भानगड नाही. गुडघा दुखतो म्हणून बसून राहिलं तर मांडीचे स्नायू अजून कमी होतात आणि मग सगळा भार गुडघ्यावरच येतो, हे तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी इतकं छान समजावलं की त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. चालल्यानंतर दुखणं थोडं वाढून दुसऱ्या दिवशी पूर्ववत होत असेल तर चालू ठेवा, दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर कमी करा, असं त्यांनी सांगितलंय. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा वेगळीच धाप लागली तर तिथेच थांबून डॉक्टर, त्यात चालढकल नाही.

११ मार्च

हा आठवडा सगळा कोलमडला. मुलीला ताप, ऑफिसात रिलीज, नवरा गावाला. क्लास नाही म्हणजे क्लासबाहेरचं चालणंही नाही. अशा वेळेसाठी तळाची एक पायरी ठरवून ठेवलेली बरी, ती मी ठरवली: रात्री जेवणानंतर १० मिनिटं, घरातल्या घरात का होईना. बाकी सगळं गेलं तरी चालेल. आणि बुडालेली पावलं दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाहीत, कारण ती थकबाकी चढत जाते आणि तिच्या ओझ्यानेच माणूस सगळं सोडून देतो.

सवय अंगवळणी पडायला २१ दिवस लागतात असं सगळीकडे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी खरंच मोजलं होतं, तर मधला आकडा ६६ दिवस आला आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. त्याच कामात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. आठवडा कोलमडल्यावर ही माहिती हाताशी असणं फार उपयोगाचं आहे.

१८ मार्च

बूट आणि नडग्या. क्लासबाहेर येणाऱ्यांपैकी एकीच्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, ती एकदम तीन हजारांवरून बारा हजारांवर गेली होती. स्नायू लवकर तयार होतात पण हाडाला आणि त्याला जोडलेल्या भागाला सवय व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून आठवड्याला पाचशे-हजार पावलं वाढवत जाणं बरं. तिने काही दिवस कमी केलं, आता ठीक आहे.

टाचेचं दुखणं वेगळं. सकाळी उठल्यावर पहिलंच पाऊल टेकताना कळ येते, थोडं चाललं की कमी होते, ती तळपायाच्या पट्ट्याची कुरबूर असते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. बूट संध्याकाळी घ्यावेत कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि बूट घडी घालून बघावा, तो बोटांच्या चवड्यापाशी वाकायला हवा, मध्यातून दुमडत असेल तर पायाला आधार नाही. मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक जोड कायमचा ठेवून दिलाय. चपला चालण्याजोग्या नाहीत, हे कारणच शिल्लक राहू नये म्हणून.

२५ मार्च

आज ऑफिसात जिन्यावरून बोलणं निघालं. लिफ्टसमोर उभं राहणाऱ्यांना मी काही बोलत नाही, मला ते आवडत नाही, ज्याचं त्याचं काहीतरी असतं. पण एकाने विचारलं की दोन मजल्यांनी काय होणार, तेव्हा मी त्याला जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांचं काम सांगितलं. १९५३ मध्ये त्यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकाच बसवर काम करणारी, सारख्याच सामाजिक थरातली माणसं, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर त्या जिन्यावर वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये स्पष्टपणे कमी निघाला. मग मॉरिस यांनी युनिफॉर्मच्या मापांच्या नोंदी काढून बघितल्या, ड्रायव्हरांची कंबर मोठी होती, पण नुसत्या कंबरेवरूनही तो सगळा फरक समजावता येत नव्हता, सारख्या मापाच्या माणसांतही कंडक्टरच बरे होते.

मला यातलं जे फार भिडतं ते हे, की त्या कंडक्टरांपैकी कुणीही व्यायामासाठी वेळ काढत नव्हतं. तिकीट द्यायचं होतं म्हणून ते चढत होते. चालणं कामाच्या आतच शिवलेलं होतं. आपल्या कामांतून ते उसवून निघालंय, फायली मेलवर आल्या, बाजार दारात आला, माणसं स्क्रीनवर आली, आणि हे सगळं सोयीचंच आहे, मला ते परत नकोय. पण मग चालणं पुन्हा हाताने शिवायला लागतं, आणि ते फक्त इच्छा असलेल्यांवर न सोडता कामाच्या जागांनीही बघायला हवं. आमच्या इमारतीत लिफ्ट तोंडासमोर आणि जिना मागे, बंद दाराआड, ट्यूब बंद पडलेली. तिथला दिवा लावून द्या आणि दार उघडं ठेवता येत नसेल तर निदान त्यात काचेची छोटी खिडकी बसवा, असा मेल मी ॲडमिनला केलाय, सोबत पाच जणांची नावं.

१ एप्रिल

सध्याची स्थिती. ऑफिसच्या दिवशी ७,००० सहसा होतात, काही न ठरवता. घरून कामाचे दिवस अजून कच्चे आहेत, पाच हजारांच्या मागे-पुढे. रात्रीची शतपावली सगळ्यात पक्की बसली, ती आता आई ठरवते, आठ वाजून गेले की तीच चपला घालून दारात उभी असते. जिन्यातली ट्यूब लागली, दाराचं अजून काही नाही, परत विचारणार.

पुढचं काम: मुलीचा क्लास सुट्टीत बंद होणार, म्हणजे भराभर चालायची माझी एकमेव जागा जाणार. त्या जागी दुपारच्या जेवणानंतरची १५ मिनिटं घ्यायची आहेत. एक ते दीडच्या वेळात माझ्या कॅलेंडरवर लोक मीटिंगा टाकतात, म्हणून आज तो पट्टा "बाहेर आहे" असा अडवून ठेवला आणि टीमला कारणही लिहून टाकलं. दोघांनी तिथेच विचारलं, आम्ही आलो तर चालेल का. उद्या सव्वा वाजता खाली भेटतोय.